मेंढ्यांचा वाडा आणि मातीतला कर्ब

महोदय,

दिवाळीनंतर माण, फलटणकडील मेंढपाळ कोकणाच्या वाटेला लागतात आणि वाटेवरचे शेतकरी त्यांना आपल्या रिकाम्या रानात मेंढ्या बसवण्यासाठी धान्य किंवा रोख देऊन बोलावतात. आमच्या शेतातही दरवर्षी असा वाडा, म्हणजे मेंढ्यांचा मुक्काम, बसतो. वाघूर (जाळीचे कुंपण) लावून कळप रात्रभर एका तुकड्यात कोंडला जातो आणि दुसऱ्या दिवशी वाघूर पुढे सरकते. सकाळी तिथे लेंड्यांचा थर असतो, मुतामुळे माती ओलसर काळी दिसते. उकिरड्यावर पडून राहणाऱ्या खतातला बराचसा नत्र अमोनियाच्या रूपाने हवेत उडून जातो. इथे मात्र मूत्र थेट जमिनीत मुरते, आणि लगेच कुळवाची पाळी घालून माती हलवली तर तो नत्र पिकाच्या वाट्याला येतो.

हे शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊक आहे, पण त्याचे मोजमाप क्वचितच होते. 2015 पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत (माती परीक्षणाच्या सरकारी अहवालात) सेंद्रिय कर्बाची, म्हणजे मातीतल्या कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतील कार्बनची, नोंद असते. कृषी विद्यापीठांनी वाडा बसवण्यापूर्वी आणि नंतर सलग काही वर्षे त्याच शेतांतील नमुने तपासावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

माळरानांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे बारमाही चराईने पवन्या, मारवेल यांसारखी सकस गवते मागे पडून कुसळी हे निकृष्ट गवत माजते, आणि खुरांनी दबलेल्या जमिनीत पाणी जिरत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारसारख्या गावांनी चराईबंदीने गवत परत आणले. परंतु सरसकट बंदीऐवजी आळीपाळीने चराई केल्यास मातीत काय फरक पडतो, हे मेंढपाळांना सोबत घेऊनच अभ्यासले पाहिजे.

— एक शेतकरी वाचक, जि. सातारा