फ्लॅप पत्र्यात बसवलात आणि दोष मांजराला दिलात

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : मायक्रोचिप कॅट फ्लॅपची सदोष बसवणी, बंद केलेली तक्रार पुन्हा उघडण्याबाबत

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून घेतलेला मायक्रोचिपवर चालणारा कॅट फ्लॅप (म्हणजे दारात बसवायची मांजराची छोटी झडप, जिचे कुलूप नोंदवलेल्या मांजराची चिप वाचूनच उघडते) आपल्याच फिटरने आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारात बसवून दिला. बसवणीचे पैसे आपण वेगळे घेतलेत. हा फ्लॅप आमच्या मांजरांसाठी बहुतेक वेळा उघडत नाही, आणि उघडला तर नीट मिटत नाही. ही तक्रार आपण 'प्रॉडक्ट ओके, कॅट नॉट ट्रेन्ड' असा शेरा मारून बंद केली. शेरा मारणाऱ्याने मांजर पाहिलेले नाही आणि दारही धड पाहिलेले नाही. यंत्र ठीक आहे, हे आम्हालाही मान्य. दोष बसवणीत आहे. तो कुठे आणि का, ते खाली लिहीत आहोत. यापुढे ज्याला पाठवाल त्याला हे पत्र आधी वाचायला द्यावे.

मुख्य मुद्दा पत्र्याचा. आमचे दार ३२ मि.मी. जाडीचे फ्लश डोअर आहे. पावसाने खालून कुजू नये म्हणून बाहेरच्या बाजूने त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पत्रा मारलेला आहे. परसातल्या दारांना असा पत्रा आपल्याकडे सर्रास असतो, त्यात नवल काही नाही. ऑर्डरच्या वेळी आपण दाराचे फोटो मागवलेत, त्यात पत्रा स्वच्छ दिसतो. तरीही फिटरने पत्रा आणि लाकूड एकाच मापात कापून फ्लॅपचा बोगदा, म्हणजे मांजर ज्यातून जाते तो प्लास्टिकचा भाग, आत सरकवला. पत्र्याची कड बोगद्याला टेकलेली आहे.

याने काय होते? मांजराच्या खांद्यांच्या मधोमध कातडीखाली असते ती चिप म्हणजे साधारण १२ मि.मी. लांब आणि २ मि.मी. जाड काचेची नळी. तिच्यात बॅटरी नसते. फ्लॅपच्या बोगद्याभोवती तारेचे वेटोळे असते, ते १३४.२ किलोहर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र तयार करते. चिप त्याच क्षेत्रातून वीज उचलते आणि आपला १५ अंकी क्रमांक परत पाठवते. मुळात या वाचनाची पोच काही सेंटिमीटरच. वेटोळ्याला खेटून लोखंडी पत्रा आला की त्या पत्र्यात भोवरा प्रवाह, म्हणजे गोल गोल वाहणारे विजेचे प्रवाह, फिरू लागतात, ते मूळ क्षेत्राला विरोध करतात आणि वेटोळ्याचे ट्यूनिंगही जागचे हलते. उरलेली पोच इतकी तोकडी होते की मांजराने खांदे बोगद्याच्या छताला घासले तरच क्रमांक वाचला जातो. डोके आत घातलेले मांजर कुलपाच्या 'टक्'ची वाट बघते, आवाज येत नाही, ते मागे सरते. यात शिकण्या-न शिकण्याचा प्रश्न कुठे येतो?

हे सिद्ध करायला प्रयोगशाळा लागत नाही. गळपट्ट्याला लावायचा, चिपसारखाच वाचला जाणारा जो टॅग फ्लॅपसोबत येतो तो एका लाकडी पट्टीच्या टोकाला चिकटवून त्याची फ्लॅपमध्ये नोंद करावी. मग फ्लॅप दारातून काढून लाकडी टेबलावर उभा करावा आणि पट्टी बोगद्यात सरकवावी. टॅग बोगद्याच्या मधोमध असतानाच कुलूप उघडते. तोच फ्लॅप दारात परत बसवून तीच पट्टी तशीच आत घातली तर काहीही होत नाही. टॅग छताला टेकवावा लागतो. दोन्हीचा व्हिडिओ सोबत जोडला आहे. मांजरांच्या चिपाही पशुवैद्यांकडच्या हातातल्या रीडरवर तपासून घेतल्या आहेत. दोन्ही १५ अंकी आहेत, लगेच वाचल्या जातात आणि जागेवर आहेत. (चिप कधी कधी खांद्याच्या बाजूला सरकते, म्हणून तेही पाहिले. आपल्या माणसाने हे विचारायला हवे होते.)

धातूच्या दारात असा फ्लॅप बसवताना पत्रा बोगद्यापासून चारही बाजूंनी मागे कापायचा आणि मधली जागा प्लास्टिकच्या अ‍ॅडॉप्टरने भरायची, हे निर्मात्याच्या इंग्रजी पुस्तिकेत आकृतीसह छापलेले आहे. तो अ‍ॅडॉप्टर आपणच विकता. पण वेगळ्या पानावर. फ्लॅपच्या पानावर त्याचा उल्लेख नाही, आणि 'कोणत्याही दारात बसतो' हे वाक्य मात्र ठळक अक्षरांत आहे. कोणत्याही दारात तो बसत नाही. टफन्ड काचेचे सरकते दार असेल तर त्यात नंतर भोक पाडताच येत नाही, काच फुटते. भोक टफन करण्याआधीच पाडून घ्यावे लागते. हेही त्या पानावर लिहायला हवे.

पत्रा कापल्यावर कड कानशीने घासलेली नाही. बोट फिरवले तर कापेल अशी बुरी (पत्र्याची खरखरीत धार) तिथे आहे, आणि जिथून मांजराचे पोट जाते तिथेच आहे. शिवाय कापताना उडालेला लोखंडाचा कीस झडपेच्या खालच्या चुंबकाला जाऊन चिकटला. झडप उलटी करून पाहिली तर चुंबकावर काळी बारीक लव उगवल्यासारखी दिसत होती. हा कीस चौकटीला घासतो, झडप मध्यावर थांबू देत नाही. चिकटपट्टीने टिपून टिपून आम्ही तो काढला. फिटरने कापण्याआधी चुंबक कागदाने झाकला असता, किंवा झडप बाजूच्या खोलीत ठेवली असती, तर हे झालेच नसते.

आता उंची. उंबरा, म्हणजे बोगद्याची खालची कड, मांजराच्या पोटाच्या उंचीला असावी. मांजर उभे असताना मोजले तर आमच्या भाटीची ती ११ आणि बोक्याची १३ सें.मी. भरते. साधारण कुठल्याही मांजराला १० ते १५ सें.मी. पुरते. आपल्या फिटरने आतून २१ सें.मी. धरली. परसाची फरशी स्वयंपाकघराहून १३ सें.मी. खाली आहे हे त्याने पाहिलेच नाही, त्यामुळे बाहेरून उंबरा ३४ सें.मी. झाला. फ्लश डोअरच्या खालच्या आडव्या पट्टीत भोक घ्यायचे नाही हे बरोबर आहे, पण ती पट्टी एवढी रुंद नसते. उंची चुकली की नुसते अवघड होते असे नाही, वाचनही बिघडते. ३४ सें.मी.वर मांजर उडी मारून येते, डोके सावकाश आत घालून क्षणभर थांबत नाही. रीडरला तो क्षण लागतो.

भोक आता खाली सरकवता येणार नाही. तेव्हा बाहेर २० ते २२ सें.मी. उंच, किमान ३० सें.मी. खोल आणि ४० सें.मी. रुंद पायरी हवी, म्हणजे मांजराचे चारही पाय तिच्यावर मावतील. ती विटांची किंवा डब्ल्यूपीसीची (लाकूड-प्लास्टिकच्या मिश्र फळीची) असावी आणि हलता कामा नये. डुगडुगणाऱ्या पाटावर मांजर एकदाच चढते. आत ८-१० सें.मी.ची फळी पुरेल.

लाकडाची कापलेली कड कोरीच सोडली आहे. पावसाळ्यात बसवलेल्या फ्लॅपची कड बंद करायची नाही, हे आपल्या फिटरला कोणी शिकवले? क्रम साधा आहे : पातळीनळीने रेघ मारायची, चार कोपऱ्यांत १० ते १२ मि.मी.ची भोके पाडायची, जिगसॉने कापायचे, पॉलिश पेपर मारायचा, कडेला प्रायमरचे दोन हात द्यायचे, वाळू द्यायचे, मगच बोगदा घालायचा. बाहेरून वर आणि दोन्ही बाजूंना सिलिकॉन भरायचे, खाली नाही. आत शिरलेल्या पाण्याला निघायला वाट हवी. आमच्या दारात सिलिकॉन फक्त खालीच भरलेले आहे. पाणी वरून शिरते, खाली साचते, आणि कड आता फुगून चौकटीला आतून दाबते आहे.

त्यात स्क्रू मशीनने गच्च पिळलेले. हे स्क्रू आतली आणि बाहेरची चौकट एकमेकींकडे ओढतात. जास्त पिळले की प्लास्टिक वाकते आणि झडपेच्या बाजूची फट जाते. ते हातानेच आवळायचे असतात. झडपेच्या दोन्ही कडांना एक पोस्टकार्ड वरपासून खालपर्यंत सरकले पाहिजे. आमच्याकडे डाव्या बाजूला ते मध्येच अडते. अर्ध्यावर उचलून सोडलेली झडप मध्यावर न थांबता किंचित बाहेर राहते, कुलपाचा खिळा तिला अडवतो, आणि तेवढ्या फटीत नख घालून गल्लीतला कोणताही बोका ती ओढू शकतो. परका बोका घरात येऊ नये म्हणून तर हा महागाचा फ्लॅप घेतला होता!

सेलबद्दल थोडक्यात. पुस्तिकेत चार अल्कलाइन पेन्सिल सेल सांगितले आहेत. फिटरने घातले ते रिचार्जेबल. ते प्रत्येकी १.२ व्होल्टचे, म्हणजे चारांचे मिळून ६ ऐवजी ४.८. दिवा पहिल्यापासून 'सेल संपत आले' असेच दाखवत होता. सेल आम्ही बदलले, त्याने पत्र्याचा दोष जात नाही.

राहिले ते आपले मराठी पत्रक. 'मांजराला दिवसातून तीन-चार वेळा झडपेतून ढकला, सवय होईल' असे त्यात छापले आहे. कृपा करून हे पत्रक मागे घ्या. ढकललेले मांजर चारही पाय उंबऱ्याला रोवते, आणि एकदा शेपूट चिमटली की त्या दाराकडे फिरकत नाही. भुकेले ठेवायचा सल्लाही तितकाच वाईट.

सवय लावायची रीत अशी. आधी कुलूप निकामी करायचे. आपल्या मॉडेलमध्ये खिळा आत दाबून त्यावर टेप मारता येतो. झडप पूर्ण वर उचलून दोरीने बांधायची. काठी टेकवून ठेवू नये, ती पडली की झडप मांजराच्या पाठीवर आदळते. काही दिवस मांजराने नुसत्या भोकातून ये-जा करावी. रात्री मात्र भोक फळीने बंद, नाहीतर पाहुणे येतात. सुरुवात बाहेरून आत येण्यापासून करायची, कारण घरात यायची ओढ मोठी असते. वेळ संध्याकाळच्या जेवणाच्या आधीची. मग दोरी थोडी थोडी सैल करत झडप खाली आणायची : आधी मिशांना लागेल इतकी, मग कपाळाला, मग पाठीला. मांजर कचरले तर एक पायरी मागे जायचे.

झडप पूर्ण लोंबू लागली की तिचा एक कोपरा बोटाने उचलून धरायचा, म्हणजे पलीकडच्या खाऊचा वास येतो. उकडलेले चिकन चालते, आमच्या मते सुका जवळा त्याहून चांगला. काही मांजरे डोक्याने लोटण्याऐवजी पंजाने आपल्याकडे ओढतात. त्यांना अडवू नये. झडप दोन्हीकडे हलते हे ती त्यातूनच शिकतात.

कुलूप सगळ्यात शेवटी. 'टक्' आवाज डोके बोगद्यात असतानाच पहिल्यांदा ऐकू आला तर मांजर दचकते, म्हणून मांजर जवळपास जेवत असताना टॅगची पट्टी आत-बाहेर करून तो आवाज कानावर पाडायचा. टेप काढायचा तो त्यानंतरच. सहसा कुलूप आत येतानाच लागते, बाहेर जाणे मोकळे असते, त्यामुळे आत यायला शिकले की बाहेर जायला वेगळे शिकवावे लागत नाही. आमची दोन्ही मांजरे टेप मारलेल्या फ्लॅपमधून बिनदिक्कत ये-जा करतात. टेप काढला की अडतात, ती पत्र्यापायी. तेव्हा 'नॉट ट्रेन्ड' हा शेरा लेखी मागे घ्यावा.

आमच्या मागण्या. धातूच्या दारासाठीचा अ‍ॅडॉप्टर आपल्या खर्चाने देऊन, पत्रा मागे कापून, कड घासून व रबरी बिडिंग लावून फ्लॅप पुन्हा बसवावा. फुगलेली कड वाळवून बंद करावी. ती मूळ मापात येत नसेल तर दाराचा तेवढा भाग बदलून द्यावा. बाहेरची पायरी करून द्यावी. काम झाल्यावर वर सांगितलेली पट्टीची आणि पोस्टकार्डची चाचणी आमच्यासमोर करून दाखवावी. हे जमणार नसेल तर फ्लॅपची व बसवणीची पूर्ण रक्कम परत करावी आणि दाराच्या दुरुस्तीचा खर्च द्यावा. सुताराचे लेखी दरपत्रक जोडले आहे. अ‍ॅडॉप्टर 'विकत घ्या' असे उत्तर कृपया पाठवू नये. तो लागणार हे फोटो पाहून सांगणे बसवणीच्या सेवेतच येते.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा आयोगाकडे जाऊ. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, तेव्हा आम्ही कंटाळून सोडून देऊ असे गृहीत धरू नये.

फिटर पाठवण्याआधी एक दिवस फोन करावा. त्याने कानस, पातळीनळी आणि हाताचा स्क्रू-ड्रायव्हर सोबत आणावा.

आपले,
तक्रारदार ग्राहक, पुणे

सोबत : बिल व बसवणीची पावती, ऑर्डरच्या वेळी पाठवलेले दाराचे फोटो, पट्टीच्या चाचणीचे दोन व्हिडिओ, कडेचे व चुंबकाचे फोटो, पशुवैद्यांची चिप-नोंद, सुताराचे दरपत्रक, आपल्या मराठी पत्रकाची प्रत, चुकीच्या ओळी अधोरेखित करून.