रिमोटचा दिवा विझलेला, आणि पोरगा म्हणे खेळतोय!

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात रात्री जेवताना घरी मालिका चालू होती. परीक्षेत नापास झालेला मुलगा सोफ्यावर व्हिडिओ गेम खेळत बसलाय, आई समोर उभी राहून रडतेय, आणि हा तिच्याकडे न बघता दोन्ही अंगठ्यांनी रिमोट बडवतोय. बायको म्हणाली, "बघा, तुमचं गिऱ्हाईक." माझा घास हातातच राहिला. मुलाच्या हातातला रिमोट पीएस ४ चा, म्हणजे प्लेस्टेशन ४ या गेमचा होता. त्या रिमोटला पुढच्या बाजूला एक पट्टी असते आणि तो चालू असला की ती उजळते. खेळणाऱ्यासमोर कॅमेरा ठेवला तर ती पट्टी बरोबर कॅमेऱ्याकडे तोंड करून असते. मालिकेत ती काळीठिक्कर होती. म्हणजे रिमोट बंद, आणि पोरगा म्हणे खेळाच्या नादात वाया गेलेला. वर आवाज कसला, तर वाका-वाका-टुइंग! तो पॅक-मॅन या जुन्या खेळाच्या काळातला आवाज. पॅक-मॅन आला १९८० साली, पीएस ४ आला २०१३ साली. मधली तेहतीस वर्षं कोणाच्या लेखी नव्हतीच.

फोंड्याच्या वरच्या बाजारात माझं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. १९९६ साली सुरुवात केली ती दोन रंगीत टीव्ही आणि दोन कॅसेटवाल्या गेमवर, तासाला दहा रुपये. कॅसेट लागली नाही की पोरं तिच्यात फुंकर मारायची. कॉन्ट्रा आणि मारिओ खेळायला शाळा सुटली की रांग लागायची. पुढे सीडीवाला प्लेस्टेशन आला, मग घरोघर कॉम्प्युटर आले, मग फोन. आता मी बसून खेळू देत नाही, फक्त दुरुस्ती करतो. पण जवळजवळ तीस वर्षं मी खेळणाऱ्यांचे हात बघत आलोय. त्यामुळे या विषयावर चार ओळी लिहिण्याचा मला अधिकार आहे असं मी मानतो.

खेळणारा माणूस हलत नाही. हे एक वाक्य मालिका लिहिणाऱ्यांनी आणि दाखवणाऱ्यांनी लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं. गाडीच्या शर्यतीचा खेळ घ्या. उजव्या हाताची तर्जनी मागच्या आर टू या घोड्यावर असते. तो गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर, म्हणून अर्धाच दाबून धरायचा, वळणावर थोडा सोडायचा. डाव्या तर्जनीखाली ब्रेक. डाव्या अंगठ्याखाली काडी, तीच सुकाणू, आणि ती केसाएवढी हलवायची. उजवा अंगठा बहुतेक वेळ नुसता टेकलेला. अख्ख्या शर्यतीत त्या माणसाचं मनगटसुद्धा फारसं हलत नाही. पापणी मात्र लवत नाही, तोंड किंचित उघडं राहतं, आणि बाजूला ठेवलेला चहा गार होतो. मालिकेतली माणसं रिमोट छातीपाशी धरून स्टिअरिंगसारखा गरागरा फिरवतात आणि चारही बटणं एकदम बडवतात.

याचा पुरावा माझ्या टेबलावर पडलेला आहे. माणसं खरंच तशी खेळत असती, तर माझ्याकडे त्रिकोण-चौकोनाची बटणं घासलेले रिमोट आले असते. तसे क्वचितच येतात. येतात ते डाव्या काडीची तक्रार घेऊन. काडीच्या बुडाशी दोन बारीक पोटेन्शिओमीटर असतात, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या खुंटीखाली असायचे त्याच जातीचे. कार्बनच्या पट्टीवर एक पातळ पातं फिरतं. पट्टी झिजली किंवा तिच्यात धूळ गेली की काडीला हात न लावता पडद्यावरचा माणूस आपोआप एका बाजूला चालू लागतो. पोरं त्याला ड्रिफ्ट म्हणतात. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत तर विचारू नका. डाव्या काडीचं रबर आधी गुळगुळीत होतं, मग सोलतं. त्या रबराकडे बघून मी सांगतो की हा फुटबॉल खेळणारा आणि हा बंदुकीचा खेळ खेळणारा.

फोनचंही तेच. मालिकेतली मुलगी फोन उभा धरते आणि एका बोटानं टकटक करत "मारलं, मारलं" म्हणते. पबजीसारखा खेळ फोन आडवा धरूनच खेळतात. तरबेज पोरं दोन्ही अंगठे खाली आणि दोन्ही तर्जन्या वरच्या कडेवरून वाकवून पडद्यावर ठेवतात. खेकड्याच्या नांगीसारखा हात होतो. आणि आई हाक मारते तेव्हा मालिकेतला मुलगा खेळ थांबवत नाही म्हणून कृतघ्न ठरतो. अहो, तो खेळ थांबवताच येत नाही. शंभर खेळाडू एकाच वेळी एका बेटावर उतरलेले असतात, चौघांची टोळी असते, एक उठला तर बाकीचे तिघे मरतात. "ही मॅच संपली की येतो" असं पोरगा म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा खरं बोलत असतो. मॅच साधारण अर्ध्या तासाची असते. आईनं रागवावं की नाही हा वेगळा प्रश्न. पण तिनं खरं काय आहे ते कळून रागवावं.

हे सगळं अज्ञानातून होतं असं मला आधी वाटायचं. पण २०२१ च्या एप्रिलमध्ये मी ते जवळून पाहिलं. महाराष्ट्रात टाळेबंदी लागली आणि मालिकांची युनिटं चित्रीकरणासाठी गोव्यात आली. पुढे मे महिन्यात इथली परवानगीही सरकारनं मागे घेतली, ते आपल्या वाचकांना आठवत असेल. त्या मधल्या दिवसांत एका युनिटचा मुलगा माझ्या दुकानात आला. एका दृश्यासाठी व्हिडिओ गेम हवा होता. मी भाडं घेतलं नाही. उलट गेम, रिमोट, केबल, सगळं गाडीवर घालून स्वतःच त्या बंगल्यावर गेलो आणि टीव्हीला जोडूनही देतो म्हणालो. "नको, पडदा दिसणार नाही," असं उत्तर मिळालं.

दृश्यातला नट विशीतला होता, गुणी पोरगा. तो हळूच माझ्याकडे आला. "काका, खरं कसं धरतात?" मी त्याची बोटं एकेक करून लावून दिली. तर्जनी मागे, अंगठा काडीवर, कोपरं मांडीवर, पाठ थोडी पुढे. म्हटलं, आता भिंतीवरची पाल किडा पकडायच्या आधी जशी बघते, तसं बघ. पोरानं इतकं सुंदर केलं की मला वाटलं हा खरंच खेळतोय. कॅमेरा फिरला, कट झालं, आणि सूचना आली, "हा खेळतोय असं वाटतच नाही. जोरात दाब, अंग हलव, दातओठ खा." दुसऱ्या वेळी त्यानं तसं केलं. सगळे खूश. त्या पोरानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. मी घरी येईपर्यंत गप्प होतो.

म्हणजे त्यांना खरं सांगणारा माणूस समोर उभा होता. खरं त्यांना नको होतं, कारण ते कॅमेऱ्यात काही घडल्यासारखं दिसत नाही. पण मग बुद्धिबळ कसं दाखवतात? तिथे तर माणूस दहा-दहा मिनिटं नुसता बसून असतो. तिथे चेहरा दाखवतात, डोळे दाखवतात, आणि आपण श्वास रोखून बघतो. २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, प्रात्यक्षिक म्हणून होते. त्यात भुजच्या तीर्थ मेहतानं हार्थस्टोनमध्ये आपल्या देशासाठी कांस्यपदक आणलं. तो पत्त्यांचा खेळ आहे, एकेक पान विचार करून लावायचं. २०२३ ला हांगझोऊला तर ई-स्पोर्ट्सना रीतसर पदकं होती. इतकं सगळं होऊनही पडद्यावरचा खेळाडू दातओठच खातोय.

आणि आमचा फोंडा तालुका तरी कुठला? केरीच्या केसरबाईंचा, मंगेशीच्या दीनानाथांचा आणि अभिषेकीबुवांचा. इथल्या साध्या प्रेक्षकासमोर पेटी वाजवणाऱ्या नटाची बोटं सुरापेक्षा भलतीकडे पडू द्या, दुसऱ्या दिवशी चहाच्या टेबलावर त्याची सालं निघतील. जत्रेच्या हौशी नाटकात घंटी वाजायच्या आधी कोणी फोन उचलला तर पुढच्या जत्रेपर्यंत गाव ते विसरत नाही. पेटीला जो न्याय तो रिमोटला का नाही? खेळणाऱ्या पोराचं कौशल्य हेही कौशल्यच आहे. त्याच्या बोटांनाही हजारो तासांचा रियाज असतो.

बोटांचीच गोष्ट असती तर मी पत्र लिहिलं नसतं. गेल्या वर्षी बोरीहून एक गृहस्थ कापडी पिशवीत गेम घालून दुकानात आले. सोबत दहावीतला मुलगा, डोळे सुजलेले. "हे विकून टाका, येतील ते पैसे द्या." विचारलं, काय झालं? म्हणाले, रात्री दिवा न लावता बसतो, कानाला हेडफोन, आणि "मार त्याला, मागून येतोय, मार" म्हणून ओरडतो. मालिकेत एक मुलगा असाच होता, त्यानं पुढे घरच्यांवरच हात उचलला. मी मुलाकडे वळलो. किती वेळ खेळतोस? फक्त शुक्रवारी. कोणाबरोबर? तो बापाकडे बघून म्हणाला, "दादाबरोबर." थोरला मुलगा मस्कतला नोकरीला. शुक्रवारी त्याला सुट्टी, तिथलं घड्याळ दीड तास मागे, म्हणून इथे उशीर होतो. दोघे भाऊ खेळता खेळता तासभर बोलतात. फोनवर भाऊ बापाशी दोन मिनिटंसुद्धा बोलत नव्हता, हे त्या गृहस्थांनी मला नंतर सांगितलं.

याच्या उलट दुसरी गोष्ट. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असलेला एक तरुण चांगला फोन विकायला आला. तीन महिन्यांनी दुसरा घेऊन आला, नंतर सोन्याच्या अंगठीबद्दल विचारू लागला. हा कधी ओरडला नसेल. दुकानात बसल्या बसल्याही अंगठा हळूहळू फिरत असायचा, चेहरा शांत. पैसे लावून पत्ते खेळत होता. त्याच्या आईला शेवटपर्यंत काही कळलं नाही, कारण तिनं मालिकेत पाहिलेलं एकही लक्षण त्याच्यात नव्हतं. ज्या मालिकेत सोफ्यावरचा गेम राक्षस म्हणून दाखवायचे, तिच्याच जाहिरातींच्या वेळात नामवंत चेहरे पैसे लावून पत्ते खेळायला बोलवायचे आणि शेवटी धोक्याची सूचना एका दमात उरकायचे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कायदा करून पैशांचे ऑनलाईन खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सना वेगळं काढलं. जे संसदेला वेगळं करता आलं ते पटकथेत अजून एकच आहे.

खेळाचं व्यसन असतं, हे मी नाकारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ते आहे, १ जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू झाली. पण त्यात काय म्हटलंय? खेळावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, आणि हे साधारण बारा महिने चालणं. अंधार, हेडफोन, आरडाओरडा यातलं काहीच त्यात नाही. २०१९ मध्ये आपल्याच राज्याच्या तेव्हाच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्र्यांनी पबजीला घराघरांतला राक्षस म्हटलं होतं. त्यानंतरचे काही दिवस माझ्याकडे रोज एखादा बाप यायचा, आणि पोराला विचारण्याऐवजी मला विचारायचा. घरातल्या घरात विचारायचा प्रश्न माझ्या काउंटरवर का येतो, तर घरात काय चाललंय याचं चित्र त्यांनी पडद्यावरून घेतलेलं असतं.

२००४ पासून पणजीला इफ्फी हा चित्रपट महोत्सव भरतो. चित्रपटवाले आपल्या राज्यात येतात, राहतात, चर्चा करतात. त्यांच्यापैकी कोणी हे पत्र वाचत असेल तर माझी हात जोडून विनंती आहे. खेळणारा माणूस दाखवायचा असेल तर कॅमेरा लावण्याआधी अर्धा तास गावातल्या कुठल्याही पोराच्या शेजारी बसा. गेम खरोखर जोडा, पडदा दिसणार नसला तरी. नटाच्या डोळ्यांत त्या पडद्याचा उजेड पडू द्या. आवाज त्याच खेळाचा घ्या. माझी गरज वाटली तर मी येईन, पैसे नकोत, फक्त या वेळी टीव्ही मला जोडू द्या.

बोरीच्या त्या गृहस्थांचा गेम मी विकत घेतला नाही. "एक शुक्रवार त्याच्या बाजूला बसा, मग सोमवारी घेऊन या," असं सांगून परत पाठवला. सोमवारी ते आले नाहीत. महिन्याभरानं आले ते डाव्या काडीची तक्रार घेऊन, आणि दुसरा रिमोट किती रुपयांना पडेल हे विचारायला.

आपला नम्र,
एक दुरुस्तीवाला,
वरचा बाजार, फोंडा, गोवा