मंत्रिमहोदय, माझ्या नातीची आई भारतीय आहे. एवढं पुरे की नाही?

प्रति,
मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : परदेशात जन्मलेल्या माझ्या नातीच्या जन्माची नोंद व नागरिकत्व

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यातल्या एका गावात २९ वर्षांपासून अंगणवाडी सेविका आहे. मंत्र्याला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. मानधनासाठी संघटनेच्या निवेदनांवर सह्या पुष्कळ केल्या, पण तो सगळ्यांचा प्रश्न होता. हा माझ्या घरचा आहे. आपला वेळ मोलाचा म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवून बसले होते, पण मागच्या मंगळवारपासून माझं मन ठिकाणावर नाही.

मंगळवारी माझ्या लेकीला जर्मनीतल्या आपल्या भारतीय कार्यालयाची मेल आली. अर्ज परत. कारण एका ओळीचं : आईवडिलांच्या विवाहाचं प्रमाणपत्र आणि वडिलांच्या पासपोर्टची प्रत जोडलेली नाही. हेच कारण त्यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये पहिल्यांदा सांगितलं होतं. तेव्हा माझी नात तीन महिन्यांची होती. आता ती पळते, फोनमध्ये मला बघून 'आजी, ये' म्हणते. ती कोणत्या देशाची आहे हे मात्र अजून कुणी कागदावर लिहून देत नाही.

माझी लेक नर्स आहे. अंबाजोगाईला शिकली, संभाजीनगरला खोली घेऊन जर्मन भाषेची बी-२ परीक्षा दिली, २०२१ ला गेली. तिथं तिची एका मुलाशी ओळख झाली. तोही भारतीयच, शिकलेला, चांगल्या पगाराचा. दीड वर्ष दोघं एकत्र राहिले. लग्न करू म्हणत होता. तिला पाचवा महिना लागला आणि तो दुसऱ्या देशात नोकरी बघून निघून गेला, नंबरही बदलला. मी त्याचं नाव लिहीत नाही. माझ्या घरात ते नाव कुणी घेत नाही.

लेकरू झालं. तिथल्या नोंदणी कार्यालयानं जन्माचा दाखला दिला, त्यावर आईचं नाव आहे. बापाचं नाही, कारण त्यानं कधी कबूलच केलं नाही. तिथल्या बालकल्याण कार्यालयानं दुसरा कागद दिला, की या लेकराचा ताबा एकट्या आईकडे आहे. परक्या देशानं दोन कागदांत मिटवलं. पण त्या देशाचं नागरिकत्व लेकराला मिळत नाही. तेव्हाच्या तिथल्या कायद्याला आईवडिलांपैकी एकाचं तरी आठ वर्षांचं कायदेशीर वास्तव्य लागायचं, आणि माझ्या लेकीला दोनच वर्षं झाली होती. म्हणजे नातीला मायदेश एकच उरतो, तो आपला. आणि आपलाच देश तिच्या आईला विचारतो की नवरा कुठाय.

माझा भाचा वकिली करतो. त्यानं १९५५ चा नागरिकत्व कायदा छापून आणला आणि माझ्यासमोर बसून कलम ४ मराठीत सांगितलं. १९९२ च्या आधी परदेशात जन्मलेल्या लेकराचा फक्त बाप बघायचे. १० डिसेंबर १९९२ पासून कायदा बदलला : आईवडिलांपैकी कुणीही एक जन्माच्या वेळी भारताचा नागरिक असला की लेकरू वंशानं भारताचं. पुढे ३ डिसेंबर २००४ पासून अट आली, की वर्षाच्या आत तिथल्या आपल्या वकिलातीत जन्माची नोंद करायची आणि लेकराकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यायचं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. मी त्याला ते कलम दोनदा वाचायला लावलं. त्यात लग्न हा शब्दच नाही. तुमच्या माणसांनी तो कुठून आणला?

लेकीनं वर्षाच्या आतच अर्ज केला होता, तीनदा. जायला चार तासांची रेल्वे, एक दिवसाची रजा, कडेवर लेकरू. तीनही वेळा अर्ज खिडकीवरूनच परत, आवक क्रमांकसुद्धा दिला नाही. मे २०२४ मध्ये लेकराला वर्ष झालं आणि चौथ्या खेपेला तिथला माणूस म्हणाला, आता वर्ष उलटलं, आता गृहमंत्रालयाची परवानगी. म्हणजे उशीर त्यांनी करायचा आणि त्याची माफी माझ्या लेकीनं मागायची. गृहमंत्रालयाकडे विचारलं तर अर्ज वकिलातीमार्फतच येऊ द्या म्हणतात. वकिलातीतले म्हणतात, विवाह प्रमाणपत्राशिवाय आम्ही पुढे पाठवत नाही. आतापर्यंत ११ खेटे झाले, मेल किती ते मोजायचं सोडून दिलं.

त्याच सुमारास एका एजंटानं भाच्याला गाठलं. ४० हजार रुपये द्या, मागच्या तारखेचं विवाह प्रमाणपत्र आणून देतो, नवरा म्हणून कुणाचाही आधार चालेल. माझ्याकडे पैसे होते. सोन्याची पोत होती. मी रात्रभर विचार केला, हे कबूल करते. सकाळी लेकीला फोन केला तर ती म्हणाली, आई, माझ्या पोरीचा पहिलाच कागद खोटा नको. महोदय, खोटा नवरा दाखवला असता तर माझी नात आज भारतीय असती. आईनं खरं सांगितलं म्हणून ती कुणाचीच नाही. हे तुम्हाला पटतं का, तेवढं एक मला सांगा.

आता माझ्यावर काय गुजरलं ते लिहिते. हे मागण्यांत बसत नाही, तरी लिहिते.

जानेवारीत माझे मालक गेले. आठ दिवस अंबाजोगाईच्या दवाखान्यात होते. लेकीला यायचं होतं. पण लेकराला पासपोर्ट नाही, त्याला विमानात बसवता येत नाही, आणि दीड-पावणेदोन वर्षांचं अंगावरचं लेकरू परक्याकडे ठेवून ती येणार कशी? शेवटच्या दिवशी त्यांनी नात बघायला मागितली. फोन डोळ्यांसमोर धरला, त्यांनी बोटानं पडद्यावर तिच्या गालाला हात लावला, आणि बोट लागून कॉल कट झाला. परत लागेपर्यंत त्यांची शुद्ध गेली होती. तिरडी उचलताना भाच्यानं मोबाइल वर धरला होता. आमच्याकडे वेशीपाशी रेंज जाते. लेकीला बापाची वाट वेशीपर्यंतच दिसली.

गावाला मी सहा महिने खोटं सांगितलं होतं, की जावई तिकडंच असतो. मालक गेल्यावर दहाव्याला लेक आली नाही म्हणून बायका विचारायला लागल्या, तेव्हा मी सगळ्यांसमोर खरं सांगितलं. काहींनी तोंड फिरवलं. पण ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांपैकी एकीनंही फिरवलं नाही. त्यांना बाप नसलेलं लेकरू काय असतं ते माहीत आहे.

माझ्या रजिस्टरात २९ वर्षांत सातशेच्या वर लेकरं चढली असतील. आमच्याकडे दसरा-दिवाळीनंतर अर्धं गाव आगाऊ उचल घेऊन उसाच्या फडावर तोडीला जातं. बायका तिथल्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, बाळंत होतात, कधी सांगली-कोल्हापूरकडे, कधी कर्नाटकात. जन्म जिथं झाला तिथंच त्याची नोंद, २१ दिवसांत, असा नियम आहे. एक पोर कर्नाटकातल्या फडात बाळंत झाली, आणि तिचा नवरा दुसऱ्या टोळीबरोबर निघून गेलेला. मी इथून फोनवर फोन केले. तिथल्या नोंदणीवाल्याला मराठी धड येत नव्हतं, मला कन्नड येत नाही. त्यानं आईचं नाव लिहिलं, बापाचा रकाना मोकळा सोडला, दाखला दिला. ती मुलगी आता आठवीत आहे. त्या माणसाला जे कळलं, ते परदेशात बसलेल्या तुमच्या एवढ्या शिकलेल्या अधिकाऱ्यांना कळत नाही?

सर्वोच्च न्यायालयानं ६ जुलै २०१५ ला सांगितलं, की अविवाहित आईला लेकराचं पालकत्व मिळवायला बापाचं नाव सांगायची सक्ती नाही, आणि अशा आईनं प्रतिज्ञापत्र दिलं की जन्माचा दाखला द्यायचा. डिसेंबर २०१६ मध्ये तुमच्याच खात्यानं पासपोर्टचे नियम बदलले, विवाह प्रमाणपत्राची अट काढली, एकाच पालकाचं नाव चालेल म्हटलं. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम ७ म्हणतं, की प्रत्येक लेकराला जन्मापासून नाव आणि राष्ट्रीयत्वाचा हक्क आहे. त्या कराराला भारतानं ११ डिसेंबर १९९२ ला मान्यता दिली, म्हणजे आईला बापाच्या बरोबरीनं आणणारा तो कायदा लागू झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी. एवढं सगळं दिल्लीत झालं, मग खिडकीपर्यंत का पोचलं नाही? की पोचलं, पण खिडकीत बसलेल्याला एकटी बाई बघूनच कागद परत द्यावासा वाटतो?

मला वाटतं हे दुसरंच खरं आहे, आणि ते फक्त परदेशात चालत नाही. महाराष्ट्र सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावापुढे आईचं नाव सक्तीचं केलं. आम्हाला आनंद झाला. त्याच सरकारनं 'लाडकी बहीण'च्या ई-केवायसीला बाईच्या आधारनंतर नवऱ्याचा नाहीतर बापाचा आधार मागितला. त्या योजनेचे फॉर्म गावोगाव आम्ही सेविकांनीच भरले होते. माझ्या दारात टाकलेल्या बायका येऊन बसल्या, काहींचा बाप वारलेला, नवऱ्याचा पत्ता नाही. त्या मला विचारत होत्या, ताई, आता कुणाचा आधार देऊ? जातीचा दाखला काढायला गेलं की बापाकडच्या नात्यातले पुरावे. शाळेत घालायला गेलं की 'वडिलांना घेऊन या'. ऊसतोडीचा मुकादम मजूर मोजताना 'एक कोयता' म्हणतो तेव्हा नवरा-बायकोची जोडी धरतो. एकटी बाई आली की ती अर्धा कोयता. सरकारची मोजणीही तीच आहे. माझी लेक रात्रपाळीला बारा-बारा तास परक्यांच्या म्हाताऱ्यांची सेवा करते, इथं पैसे पाठवते, तिच्याच पैशातून मालकांचं दवाखान्याचं बिल भरलं, आणि तुमच्या खिडकीत ती अर्धी भरते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला. त्यानंतर एका मेळाव्याला मी गावातल्या दोन पोरींना घेऊन गेले होते. व्यासपीठावर एक मोठे अधिकारी म्हणाले, परदेशात काही अडचण आली तर सरकार आईसारखं पाठीशी उभं राहील. मी पुढे जाऊन त्यांना लेकीची अडचण सांगितली. त्यांनी कागद घेतला, घडी करून खिशात ठेवला, आठ दिवसांत कळवतो म्हणाले. दीड वर्षाच्या वर झालं. पोरींना पाठवायला सरकार, भाषा शिकवायला सरकार, फोटो काढायला सरकार. पोरीच्या पदरात लेकरू आलं की सरकार कुठं जातं?

माझे वडील निजामाच्या राज्यात जन्मले. त्यांच्या जन्माचा कागद कुठंच नव्हता, जन्मतारीख शाळेतल्या मास्तरांनी अंदाजे घातलेली. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, पुढे घटना आली आणि ते भारताचे नागरिक झाले. त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाचा पुरावा तेव्हा कुणी मागितला नाही. त्यांच्या पणतीला मात्र, आईचा भारतीय पासपोर्ट समोर ठेवूनही, दारात उभं केलंय.

मला काय हवं ते आता सरळ लिहिते. परदेशातल्या तुमच्या सगळ्या कार्यालयांना लेखी कळवा, की कलम ४ खाली नोंद करायला आई किंवा बाप कुणीही एक नागरिक असणं पुरेसं आहे, विवाह प्रमाणपत्र मागू नका, आणि एकट्या आईचा अर्ज घेतला नाही तर का घेतला नाही ते तारखेसह लिहून द्या. माझ्या नातीचा उशीर तुमच्या कार्यालयामुळे झाला, तेव्हा तिचा अर्ज परवानगीसाठी तुम्ही स्वतः गृहमंत्रालयाकडे पाठवा. तोवर आजोबांच्या वर्षश्राद्धाला तिला येता येईल असा काही तरी कागद द्या. जानेवारीत आहे. मागच्या वेळी तिची वाट बघणारा माणूस गेला, या वेळी मी आहे.

नातीचं माता-बाल संरक्षण कार्ड मी माझ्याजवळ केलंय, मुलींचा गुलाबी आलेख असतो तो. दर महिन्याला लेक वजन सांगते, मी ठिपका देते. परवा ११ किलो ८०० ग्रॅम भरलं, हिरव्या पट्ट्यात आहे. बापाच्या नावापुढे मी रेघ मारली आहे. उत्तर मला टपालानं पाठवू नका, लेकीच्या मेलवर पाठवा. तिचा अर्ज मंगळवारी तुमच्याच कार्यालयानं परत केलाय, पत्ता त्यांच्याकडे आहे.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
ता. धारूर, जि. बीड