आरोग्यमित्र रात्री कुठे असतात? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य.

महोदय,
स. न. वि. वि.

पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या वस्तीत शेजाऱ्यापाजाऱ्यांचे अर्ज लिहून देण्याचे काम निवृत्तीनंतर आपसूक माझ्याकडे आले. उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिकेत सुनेचे नाव चढवणे, अशा कामांतून ठरावीक रुग्णालयांत मोफत उपचार देणारी राज्याची महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना मला जवळून दिसली. तिच्याविषयी हे पत्र आहे.

योजनेबद्दल माझी तक्रार नाही. पुण्यात ती २०१३ च्या नोव्हेंबरात, तेव्हाच्या राजीव गांधी जीवनदायी या नावाने आली आणि आमच्या गल्लीतील दोन अँजिओप्लास्टी तिच्यावरच निभावल्या. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने कुटुंबामागे उपचारखर्चाचे वार्षिक संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेले आणि शिधापत्रिकेच्या रंगाची अटही काढली. अडचण आहे ती रात्रीची.

गेल्या पावसाळ्यात समोरच्या घरातील, रंगकाम करणाऱ्या गृहस्थांच्या छातीत रात्री कळ आली, म्हणून आम्ही त्यांना रिक्षाने जवळच्या अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयात नेले. दारातच योजनेचा फलक होता, खाली आरोग्यमित्राचे, म्हणजे कागद पाहून रुग्णाला योजनेत दाखल करून देणाऱ्या कर्मचाऱ्याचे, टेबल होते, आणि टेबलावर खुर्ची उलटी ठेवलेली होती. बहुधा फरशी पुसायची असावी. आरोग्यमित्र सकाळी दहाला येतील, तोवर चाळीस हजार अनामत भरा, असे बिलाच्या खिडकीतून सांगण्यात आले. वहिनींनी केशरी शिधापत्रिका आणि आधार कार्डे असलेली प्लॅस्टिकची पिशवी आत सरकवली. ती न उघडताच परत आली. शेवटी दिराने उसनवारी करून पैसे भरले. सकाळी आरोग्यमित्रांनी कागद पाहिले, कुटुंब पात्र असल्याचे सांगितले, आणि लगेच असेही सांगितले की रुग्ण रोखीवर दाखल झाला असल्यामुळे आता त्याला योजनेत घेता येणार नाही. गृहस्थ बरे आहेत. वहिनींचे मंगळसूत्र अजून गहाण आहे.

वास्तविक तातडीच्या वेळी दूरध्वनीवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याची सोय योजनेतच आहे. धर्मादाय रुग्णालयांना तर उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात, आणि तातडीच्या रुग्णाकडे अनामत मागता येत नाही. पण रात्री बारा वाजता घाबरलेल्या बाईने हे नियम कोणाला ऐकवायचे? ‘ससूनला न्या’, म्हणजे सरकारी रुग्णालयात न्या, हे उत्तर तयार असते. ससूनला आधीच जिल्ह्याबाहेरून रुग्ण येत असतात, हे पुण्यात कोणालाही ठाऊक आहे.

म्हणून विनंती अशी की, प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात रात्रपाळीचा आरोग्यमित्र नेमावा, आणि तो नसल्यामुळे रोखीवर दाखल झालेल्या पात्र रुग्णास पहिल्या दिवसापासून योजनेत घेऊन अनामत परत करण्याचे स्पष्ट आदेश काढावेत. नकार द्यायचाच असेल, तर तो कारणासह लेखी द्यावा. तोंडी नकारावर अपील करता येत नाही, हे अर्ज लिहिणाऱ्याइतके कोणाला कळणार?

त्या रात्रीची अनामतीची पावती माझ्याकडे आहे आणि तिच्यावर ११.५२ ही वेळ छापलेली आहे. आपल्या कार्यालयाने मागितल्यास प्रत पाठवीन.

आपला नम्र,
एक अर्जलेखक, पर्वती पायथा, पुणे