वाळूत गेलेला रॅस उकरून काढू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टँकवर लेख आला ते बघून खूप बरं वाटलं, कारण या छंदाबद्दल मराठीत वाचायला मिळतंच कुठे. पण रॅस माशाबद्दल त्यात जेमतेम दोन ओळी होत्या, रंग सुंदर असतात आणि दिवसभर पोहत राहतो म्हणून टँक जिवंत वाटतो वगैरे. ते खरंच आहे, फक्त नवीन आणलेला रॅस पहिले काही दिवस बऱ्याचदा दिसतच नाही आणि लोक नेमके तिथेच घाबरतात, मासा मेला समजून हात घालून सगळी वाळू उपसतात आणि धडधाकट मासा त्या उपसण्यानेच जातो. यावर कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

रॅसच्या पाचशेच्या वर जाती आहेत आणि सगळ्या एकसारख्या वागत नाहीत. हॅलिकोइरस, लेपर्ड, कोरिस हे वाळूत झोपणारे. फेअरी आणि फ्लॅशर रॅस वाळूत जात नाहीत, ते दगडाच्या कपारीत शिरतात आणि बरेचसे रात्री अंगाभोवती चिकट पारदर्शक कोश तयार करून त्यात झोपतात, सकाळी तो कोश जाळ्यासारखा पाण्यात तरंगताना दिसला तर घाबरायचं काहीच कारण नाही. त्यामुळे घ्यायच्या आधी दुकानात पहिला प्रश्न हाच विचारायचा की हा झोपतो कुठे, आणि उत्तर नीट येत नसेल तर जात विचारून घ्या आणि घरी येऊन वाचा, मासा उद्या घेता येतो.

वाळूत झोपणाऱ्याला वाळू लागतेच, यात तडजोड नाही. बारीक, एक-दोन मिलिमीटर दाण्याची, लहान माशाला निदान 5 सेंटीमीटर आणि मोठ्याला त्याहून जास्त खोल. पोवळ्याचा जाडाभरडा चुरा नको कारण हा मासा तोंड पुढे करून जोरात घुसतो आणि अंग खरचटलं की तिथे इन्फेक्शन होतं. त्याला घुसताना एकदा बघाच, वाळूवरून तरंगत येतो, एका कुशीवर होतो, नाक टेकवतो आणि शेपटीच्या दोन-तीन फटक्यांत आख्खा गायब, थोडी धूळ उठते ती बसते आणि खाली मासा आहे यावर विश्वास बसत नाही.

आता घरी आल्यावर काय होतं, तर प्रवासाचा ताण, नवं पाणी, नवे शेजारी, त्यामुळे तो सरळ वाळूत जातो आणि काही दिवस, कधीकधी आठवडाभरही वर येत नाही. वर आला तरी भलत्याच वेळी येतो कारण तो जिथून आलाय तिथल्या दिवस-रात्रीची सवय अजून अंगात असते, तुमचे दिवे लागायच्या आधीच तो फिरून परत खाली गेलेला असतो. यावर उपाय एकच, दिवे रोज ठरलेल्या वेळी लावायचे आणि बंद करायचे आणि वाळूला हात लावायचा नाही. शंका असेल तर पाण्यातला अमोनिया तपासा, मासा मेला असेल तर तो वाढतो, वाढत नसेल तर वाट बघा.

पिशवीतून सोडताना थेंबथेंब पाणी घालत तास-दोन तास बसायचं हा सल्ला सगळीकडे दिला जातो, तो लांबचा प्रवास करून आलेल्या माशाला मारक ठरू शकतो. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो आणि त्यामुळे साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो, पण पिशवी उघडली की गॅस निघून जातो, पीएच वर चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो आणि आपण मात्र त्याच पाण्यात माशाला ठेवून थेंब मोजत बसतो. त्यापेक्षा दुकानात पाण्याचा खारेपणा (विशिष्ट गुरुत्वाच्या आकड्यात) आधीच विचारा, बऱ्याच ठिकाणी तो 1.019-1.020 असतो आणि घरच्या रीफ टँकमध्ये, म्हणजे पोवळ्यांच्या टँकमध्ये, 1.025, तर क्वारंटाइनच्या, म्हणजे नव्या माशाला आधी वेगळं ठेवायच्या, टँकचं पाणी आधी दुकानाएवढं करून ठेवा, बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवा, मासा लगेच सोडा आणि खारेपणा पुढच्या काही दिवसांत हळूहळू वाढवा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. क्वारंटाइनमध्येसुद्धा वाळूवाल्या रॅसला एका डब्यात वाळू भरून द्या, रिकाम्या काचेवर तो रात्रभर नाक घासत राहतो. परजीवींसाठी कॉपरचं औषध देणार असाल तर ती वाळू साधी सिलिकाची घ्या, पोवळ्याची वाळू कॉपर शोषून घेते आणि डोस कमी पडतो.

झाकण हवंच. रॅस दचकला की उडी मारतो, आणि वायरीसाठी सोडलेल्या बोटभर फटीतूनही बरोबर बाहेर पडतो, म्हणून बारीक भोकांची जाळी आणि त्या फटी पण बंद. टँकमध्ये आधीपासून सिक्सलाइन रॅससारखा भांडकुदळ मासा असेल तर नव्याला भोकं असलेल्या पारदर्शक बॉक्समध्ये काही दिवस आत टांगून ठेवा, एकमेकांना बघून जुन्याचा राग बराच उतरतो. वाळूवाला असेल तर बॉक्समध्येही वाटीभर वाळू.

आणि खाणं. रॅसला जठर नसतं, म्हणून एकदाच भरपूर टाकून उपयोग नाही, मायसिस, ब्राइन श्रिम्प (हे कोळंबीसारखे बारीक जीव) थोडं थोडं दिवसातून तीन-चार वेळा द्यावं लागतं. लेपर्ड रॅस तर दिवसभर दगडावरचे बारीक जीव टिपत फिरतो, नव्या टँकमध्ये ते जीवच नसतात आणि मासा तुमच्या डोळ्यांसमोर वाळत जातो, त्यामुळे टँक नीट मुरलेला नसेल तर कितीही आवडला तरी लेपर्ड घेऊ नका हे मी अगदी हात जोडून सांगतो.

यातले बहुतेक मासे समुद्रातून पकडून आणलेले असतात, त्यांचा जीव आपल्या घाईने जाऊ नये एवढंच वाटतं. पुरवणीत या विषयावर पुढचा लेख येणार असेल तर कृपया पहिल्या आठवड्याची ही माहिती त्यात घ्या, आणि विकणाऱ्यांनीही पिशवी हातात देताना खारेपणा आणि झोपायची पद्धत या दोन गोष्टी न विचारता सांगाव्यात. आज ज्यांचा मासा वाळूत गेलाय त्यांनी दिवे वेळेवर लावा, सकाळ-संध्याकाळ चिमूटभर मायसिस टाका आणि उरलेलं काढून घ्या.

आपला,
एक नियमित वाचक