हॉलच्या किचनमधल्या स्पंजबद्दल, सगळ्यांनी वाचा प्लीज

मैत्रिणींनो, काल भिशीनंतर भांडी घासायला घेतली तर सिंकच्या कोपऱ्यातला तो हिरवा-पिवळा स्पंज हाताला बुळबुळीत लागला, पिळला तर तपकिरी पाणी आणि आत साबुदाण्याचे दाणे, आणि वास तर विचारूच नका. टाकून दिला, नवीन ठेवलाय.

आता तो कुठे वापरायचा ते ऐका. फक्त भांड्यांना. ओटा आणि गॅस पुसायला खिळ्यावर निळं फडकं आहे, तेच घ्या (मागच्या वेळी कोणीतरी स्पंजने फरशीवरची आमटी पुसली होती, नाव घेत नाही). खरकटं आधी डस्टबिनमध्ये, मग घासायचं. झालं की स्पंज नळाखाली धुऊन घट्ट पिळून खिडकीत उभा ठेवा, साबणाच्या वाटीतल्या पाण्यात बुडवून नको, ओला राहिला की जंतू वाढतातच.

आणि गरम पाण्यात उकळला की झालं असं नाही हं. जर्मनीत 2017 साली वापरलेले 14 स्पंज तपासले होते, त्यात नेहमी गरम साबणाच्या पाण्यात धुतलेल्या किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवलेल्या स्पंजातही जंतू काही कमी नव्हते, म्हणून त्यांनी आठवड्याला बदला असंच सांगितलं. आपण दर सोमवारी बदलूया, पैसे भिशीच्या डब्यातून. ज्यांना काथ्या चालतो त्यांनी काथ्या वापरा, लवकर वाळतो तरी.

हो आणि सिंकमध्ये ब्लीच टाकलं असेल तर वरून व्हिनेगर किंवा टॉयलेटचं ॲसिड अजिबात ओतू नका, क्लोरीन गॅस होतो.

या सोमवारी स्पंज कोण आणतंय? खाली लिहा.