‘आणि इतर’मधले थॉमस मिचेल

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत १९३९ सालच्या हॉलिवूडवरचा लेख वाचला. लेख मनापासून लिहिलेला आहे आणि तो छापल्याबद्दल आभार. त्यासोबत ‘स्टेजकोच’मधलं एक छायाचित्र आहे आणि खाली ओळ आहे, ‘जॉन वेन, क्लेअर ट्रेव्हर आणि इतर’. या ‘इतर’मध्ये चुरगळलेल्या कोटातले जे प्रौढ गृहस्थ दिसतात, त्यांच्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

त्यांचं नाव थॉमस मिचेल. लेखात ज्या चित्रपटांची नावं ठळक अक्षरांत आली आहेत, त्यांतल्या पाचांमध्ये हा नट आहे. जॉन फोर्डचा ‘स्टेजकोच’, व्हिक्टर फ्लेमिंगचा ‘गॉन विथ द विंड’, फ्रँक काप्राचा ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’, हॉवर्ड हॉक्सचा ‘ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज’ आणि विल्यम डीटर्लेचा ‘द हंचबॅक ऑफ नोत्र दाम’. एकच वर्ष, पाच दिग्दर्शक, पाच निरनिराळी माणसं. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी दहा नामांकनं होती, त्यांतल्या तीन चित्रपटांत मिचेल आहेत. तरी संपूर्ण लेखात त्यांचं नाव एकदाही आलेलं नाही, याचं वाईट वाटलं.

‘स्टेजकोच’मधला त्यांचा डॉक्टर बून हा गावानं हाकलून दिलेला दारुडा. घोडागाडीत शेजारी बसलेल्या विक्रेत्याच्या पेटीतल्या व्हिस्कीच्या बाटल्या तो वाटेत एकेक करून रिकाम्या करतो. आपण हसतो. मग अडनिड्या मुक्कामी सहप्रवासी बाईला प्रसूतीच्या कळा सुरू होतात आणि याला शुद्धीवर यावंच लागतं. काळ्या कॉफीचे पेले पोटात रिचवत तो स्वतःला ओढून माणसात आणतो. त्या दोन-चार मिनिटांत एका बरबाद माणसाच्या आत दडलेला डॉक्टर जागा होताना दिसतो. मी हौशी रंगभूमीवर तीस वर्षं छोटी कामं केली. पट्टीचा नट दारुड्याचं सोंग वठवतो, पण दारू उतरतानाचा माणूस इतक्या खरेपणानं उभा केलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

‘गॉन विथ द विंड’मध्ये ते स्कार्लेटचे वडील आहेत. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या धामधुमीत मुलगी घरी परतते, तेव्हा उरलीसुरली पुंजी म्हणून ते तिला रोखे दाखवतात. रोखे असतात हरत चाललेल्या दक्षिणेकडच्या सरकारचे, म्हणजे निव्वळ रद्दी. पुढे काय करायचं ते तुझ्या आईला विचारू, असंही ते म्हणतात, आणि आई तर आदल्याच दिवशी गेलेली असते. आवाज न चढवता म्हटलेलं ते वाक्य अंगावर येतं.

‘स्टेजकोच’साठी त्यांना सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगाविशी वाटते. त्या काळी सहाय्यक कलाकारांना ती सोनेरी बाहुली पूर्ण आकारात देत नसत, छोटी प्रतिकृती बसवलेली पाटी मिळायची. १९४३च्या चित्रपटांपासून त्यांना पूर्ण पुतळा मिळू लागला. स्टुडिओंच्या त्या कारखान्यात ज्यांच्या खांद्यावर निम्मा चित्रपट उभा असे, त्यांचा मान असा मोजून-मापून ठरलेला होता.

मिचेल मूळचे तुमच्याच व्यवसायातले, हे वाचून तुम्हाला आनंद होईल. १८९२ साली न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ शहरात एका आयरिश कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील आणि भाऊ वृत्तपत्रांत, म्हणून तेही बातमीदार झाले. मग नाटकं लिहायला लागले, चार्ल्स कोबर्न यांच्या शेक्सपिअर मंडळीबरोबर गावोगाव हिंडले. सिनेमात नाव झालं तेव्हा चाळिशी उलटली होती. बारा गावचं पाणी प्यायलेला नट होता तो. १९५३ मध्ये त्यांना दूरचित्रवाणीसाठी एमी आणि ‘हेझल फ्लॅग’ या संगीत नाटकासाठी टोनी मिळालं. ऑस्कर, एमी आणि टोनी ही तिन्ही पारितोषिकं मिळवणारे ते पहिले पुरुष अभिनेते.

पण मला सर्वांत जवळचे वाटतात ते १९४६च्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’मधले अंकल बिली. आठवण राहावी म्हणून बोटांना दोरे बांधणारे म्हातारे. बँकेत भरायचे आठ हजार डॉलर ते वर्तमानपत्रात गुंडाळून नकळत शत्रूच्याच हातात देतात. पुढे पुतण्या रागानं झिडकारून निघून जातो आणि हे टेबलावर डोकं टेकून रडतात. तेवढ्यात घरातली पाळीव खार हळूहळू त्यांच्या हातावर चढते. माझे काका शेवटी असेच विसराळू झाले होते आणि विसरल्याची लाज त्यांच्या चेहऱ्यावर अशीच दिसायची. तो प्रसंग मला आजही सलग बघवत नाही.

१७ डिसेंबर १९६२ रोजी मिचेल गेले. त्याच वर्षी ते ‘प्रिस्क्रिप्शन : मर्डर’ या नाटकात एका गबाळ्या पोलिस अधिकाऱ्याची भूमिका करत होते. पुढे पीटर फॉकनं दूरचित्रवाणीवर जगभर लोकप्रिय केलेला कोलंबो तो हाच.

जागेची अडचण मी समजू शकतो. सगळ्यांची नावं देता येत नाहीत. पण लेखमालेचा पुढचा भाग येईल तेव्हा शुद्धिपत्रात दोन ओळी घालून त्या छायाचित्रातल्या डॉक्टरचं नाव छापावं, एवढी विनंती. मराठीत ते ‘थॉमस मिचेल’ असं लिहिता येईल.

आपला नियमित वाचक,
सातारा